गुडघ्याची शेवटची लाईट

आज १८वी, म्हणजे शेवटची लाईट. रेडिएशनला इथे बाहेर बाकावर बसलेले सगळे लाईटच म्हणतात. शेजारच्या काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुझा कुठला गं?" म्हटलं, "कॅन्सर नाही काकू, पीव्हीएनएस." बिचारीला घरच्यांनी सांगितलेलं दिसत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं!

पीव्हीएनएसमध्ये सांध्याच्या आतलं अस्तर गाठीसारखं उगाच वाढत सुटतं, त्यातून रक्त झिरपतं आणि रक्तातल्या लोहाने ते तपकिरी पडतं. माझ्या गुडघ्यातून काढलेलं पाणी अगदी कोऱ्या चहासारखं होतं. दुर्बिणीतून दोनदा खरवडलं, दोनदा परत उगवलं. साध्या गाठीला रेडिएशन कशाला, म्हणून डॉक्टरांशी वादही घातला. पुढे कधीतरी रेडिएशनमुळेच कॅन्सर होण्याचा थोडा धोका असतो, हे त्यांनी लपवलं नाही. मग रोज २ ग्रे (हे रेडिएशनच्या डोसचं माप), एकूण ३६. दुखत काहीच नाही. पाय रोज त्याच कोनात ठेवण्यातच निम्मा वेळ जातो.

आता तीन महिन्यांनी एमआरआय.

निघताना काकूंनी डिंकाचा लाडू दिला, आणि वर गुडघ्याला हळदीचा लेप लावायचा सल्ला. लाडू घेतला.