हेन्ली गळ्याचा रॅग्लन: काखेपर्यंत आले

दादाचा सुती स्वेटर काखेच्या खाली उतरला. वरून खाली विणलेला, बिनशिवणीचा; गळा हेन्ली, म्हणजे पुढे बटणांची छोटी चीर असलेला. मुंबईत स्वेटर कशाला, असं विचारणाऱ्यांनी एकदा त्याच्या ऑफिसातल्या एसीखाली बसून दाखवावं.

रॅग्लनचा, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंत तिरक्या रेघांनी बाह्या जोडलेल्या स्वेटरचा हिशेब नेहमीचाच: १० सेंमीत २२ टाके, ३० ओळी, चार रेघा, एकाआड एक ओळीला ८ टाके वाढवायचे. अशा ३० वाढी झाल्यावर बाह्यांचे टाके दोऱ्यावर ओवून ठेवले, काखेत १०-१० नवे घातले, अंगाचे २२४ झाले.

खरं काम आहे ते गळ्याच्या चिरेचं. चीर १४ सेंमी, म्हणजे ४२ ओळी उलटसुलट फिरत विणायच्या, मग मध्ये ७ टाके नवे घालून गोल सुरू. गोलात नुसतं सुलट विणायचं असतं आणि माझ्या हाताचा उलट टाका सैल पडतो. एकरंगी सुतात हा फरक छातीवर आडव्या पट्ट्यासारखा दिसतो. म्हणून चिरेच्या भागात सुलट ओळ ४ मिमीच्या सुईने आणि उलट ओळ ३.७५ने विणली. टोकं बदलता येणाऱ्या सुया असतील तर एका टोकाला ४, दुसऱ्याला ३.७५ लावायची, की झालं. ट्यूबलाइटखाली धरून पाहिलं, जोड कुठे आहे ते मलाच शोधावं लागलं.

चिरेचं विणकाम घरीच, पंख्याखाली. आता अंगाचे सुलट फेरे लोकलमध्येही होतात. गोल सुईने शेजारणीला कोपर लागत नाही.

बटणपट्टीसाठी चिरेच्या कडेचे ४ ओळींमागे ३ टाके, म्हणजे एका बाजूला ३२ टाके उचलीन. एक सुलट, एक उलट. पुरुषांचा, म्हणून काजं डावीकडे. काज उलट टाक्याच्या खाचेत घेतलं की लपतं: दोरा पुढे, दोन टाके एकत्र. पण आधी भुलेश्वरहून बटणं आणायची, मग काजं. सुती काज सैलावतं, बटण जरा घट्टच जायला हवं. खालची पट्टी मात्र आतून सुईदोऱ्यानेच टाचावी लागणार. बिनशिवणीचा म्हणायचा तो एवढा अपवाद सोडून.

धुतलेला नमुना चिमटे लावून टांगला तर चांगलाच लांबला. अंग मापापेक्षा ३ सेंमी आखूड ठेवतेय. बाह्यांआधी पट्टी करणार, कारण गळा उघडा असताना खांदे ओघळतात आणि बाहीचं माप चुकीचं येतं.