हाताला ठाऊक असलेले

परवा पुतण्याने विचारले, "आत्या, चुकून बंद केलेला टॅब परत कसा उघडायचा गं?" मला ते काही केल्या तोंडी सांगता येईना. शेवटी मी त्याच्या लॅपटॉपपुढे बसले, डावा हात कीबोर्डवर टेकवला, टॅब परत आला, आणि मग बोटे कुठे पडली आहेत ते पाहून त्याला सांगितले: कंट्रोल, शिफ्ट आणि टी. वीस वर्षे डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे काम, केल्यावर या गोष्टी डोक्यात राहत नाहीत. त्या हातात उतरतात आणि विचारायला गेले की लाजून गप्प बसतात.

आमचा छापखाना नाशिकमध्ये रविवार कारंजाजवळच्या एका बोळात होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, वास्तुशांतीची निमंत्रणे असे सगळे काम तिथे चाले. मालकांना आम्ही काका म्हणत असू. त्यांची उमेदीची वर्षे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवण्यात गेली होती, आणि कोणत्या खणात कोणते अक्षर आहे हे न पाहता त्यांचा हात तिथे पोहोचत असे. संगणकाला त्यांनी स्वतः कधी हात लावला नाही, पण माझ्या मागे उभे राहून त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझी खोड ओळखली. "एका शब्दासाठी दर वेळी उंदरामागे कशाला धावतेस? हात खणात, डोळे मजकुरावर," असे ते म्हणाले. कोणती कळ दाबायची हे त्यांना माहीत नव्हते, पण कळ असणारच याची त्यांना खात्री होती. ती शोधणे माझे काम झाले.

कापणे आणि चिकटवणे आम्हाला नवे नव्हते. कात्री आणि गोंद घेऊन पाने लावण्याचे काम छापखान्यात पूर्वापार चालत आलेलेच होते. तेच पडद्यावर आणण्याचे श्रेय लॅरी टेस्लर यांना दिले जाते. १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्याबरोबर हे काम केले. आपल्याकडे कोणत्याही प्रतीला झेरॉक्सच म्हणतात, तेव्हा कॉपी करण्याची सोय त्याच घरातून यावी याची मला गंमत वाटते. कंट्रोलबरोबर दाबायच्या झेड (केलेले रद्द करणे), एक्स (कापणे), सी (प्रत घेणे), व्ही (चिकटवणे) या चार कळा खालच्या ओळीत शेजारीशेजारी नांदतात, आणि त्यांतला एक्स तर सरळ फुलीच आहे. भाजीत मीठ जास्त पडले की कंट्रोल झेड हवा होता, हा विनोद मात्र इतक्यांदा ऐकला आहे की तोच पुसून टाकावासा वाटतो.

संगणक अडकला की कंट्रोल, ऑल्ट, डिलीट या तीन कळा लोक अजूनही नवस बोलल्यासारख्या दाबतात. आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीवर काम करणाऱ्या डेव्हिड ब्रॅडली या अभियंत्याने ही जोडी बसवली. आधी तिथे डिलीटऐवजी एस्केप होती, पण त्या तिन्ही कळा एका हाताखाली येत असल्याने चुकून दाबल्या जाण्याची भीती होती. म्हणून तिसरी कळ मुद्दाम लांबची निवडली. सोपे करण्यापेक्षा अवघड करण्यात शहाणपण असते, हे कळणारा माणूस मला आवडतो.

चुकून दाबलेल्या कळांचा हिसका आम्हीही पाहिला आहे. ऐन लग्नसराईत एका दुपारी, पत्रिकेचे प्रूफ घ्यायला मुलीचे वडील समोर बसलेले असताना, माझा पडदा अचानक उलटा झाला. गणपती खाली डोके वर पाय. मी संगणक बंद करून चालू केला, तरी गणपती तसाच. काकांनी "मॉनिटरच उलटा ठेव" असे सुचवले, आणि खरे सांगते, आम्ही तो उलटा ठेवलाही. एवढ्यात चहावाला मुलगा कटिंगचे ग्लास घेऊन आला, त्याने ग्लास खाली ठेवले, "ताई, सरका जरा" म्हणत कंट्रोल, ऑल्ट आणि वरचा बाण दाबला. मॉनिटर आम्ही आधीच उलटा केलेला असल्यामुळे आता गणपती पुन्हा उलटा दिसू लागला, ते वेगळे. पडद्यावरचे चित्र सांभाळणाऱ्या काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये पडदा असा फिरवण्याची सोय होती आणि सायबर कॅफेत बसणाऱ्या पोरांना ती तोंडपाठ होती. इंग्रजीत 'कॉन' नावाचे फोल्डर बनवून दाखवा, अशी पैज लावून त्याच मुलाने नंतर माझ्याकडून वडापाव उकळला. ते नाव विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासून कन्सोलसाठी, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्यासाठी, राखून ठेवलेले आहे, म्हणून तसे फोल्डर बनतच नाही, हे मला फार उशिरा कळले.

मला सापडलेली सर्वांत आवडती खुबी विंडोजमधल्या नोटपॅड या साध्या टिपणवहीतली. नव्या फाइलच्या पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला जोडून एल, ओ, जी ही मोठी इंग्रजी अक्षरे लिहून ती जतन केली, की पुढे फाइल उघडाल तेव्हा शेवटी त्या वेळची तारीख आणि वेळ आपोआप उमटते. काकांना हे दाखवले तेव्हा ते खुर्ची ओढून बसले आणि माझ्याकडून ती फाइल तीनदा उघडून घेतली. मग त्यांनी त्यातच रोजनिशी ठेवायला लावली: कोणाची आगाऊ रक्कम आली, कोणाचे प्रूफ बाकी, कागद किती रिमे आला. संध्याकाळी ते सांगत आणि मी तारखेखाली टाइप करत असे.

छापखाना बंद झाला तेव्हा मी ती फाइल पेनड्राइव्हवर घरी आणली. एखाद्या दुपारी उघडते. लिहायचे काही नसते, पण तारीख पडतेच, आणि बंद करताना बदल जतन करायचा का असे विचारले की हात होकाराच्या कळेवर जातो. त्यामुळे शेवटच्या नोंदीखाली, म्हणजे पिवळ्या कार्डशीटच्या दोन रिमांखाली, आता नुसत्या तारखांची लांबलचक रांग लागली आहे.