सहा इंची डॉब्सोनियनसाठी आयपीस: माझी निवड आणि त्यामागचा हिशोब

दुर्बीण बघायला आलेला माणूस आधी विचारतो, "पॉवर किती?" खोक्यावरही तोच आकडा सगळ्यात ठळक छापलेला असतो. आयपीस, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावायचं भिंग, निवडताना मी तो आकडा मागे ठेवला. आधी दोन गोष्टी काढल्या: आयपीसमधून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत किती मिलिमीटर जाड आहे, आणि एका वेळी आकाशाचा केवढा तुकडा दिसतो. हे दोन आकडे हाती आले की दुकानातली निम्मी यादी तिथेच गळते.

माझी दुर्बीण सहा इंची डॉब्सोनियन आहे, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरची, हाताने ढकलायची आरशाची दुर्बीण. आरसा १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, म्हणजे एफ/८ (नाभीय अंतर आरशाच्या आठ पट). १२०० ला आयपीसच्या मिलिमीटरने भागलं की वर्धन, म्हणजे ती पॉवर, मिळतं. आयपीसच्या मिलिमीटरला ८ ने भागलं की झोताची जाडी. आयपीसचं स्वतःचं दृष्टिक्षेत्र (आतलं वर्तुळ डोळ्याला जेवढं रुंद भासतं ते) जितके अंश, त्याला वर्धनाने भागलं की आकाशाचा तुकडा. अशा दुर्बिणीसोबत बहुतेक वेळा २५ आणि १० मिमीचे दोन आयपीस येतात. २५ मिमीने ४८ पट वर्धन, तीन मिमीच्या किंचित वर झोत, आणि ५० अंशांचं क्षेत्र धरलं तर आकाशाचा एक अंश. १० मिमीने १२० पट आणि सव्वा मिमीचा झोत.

सोबतचा २५ कामाचा असतो, तो राहू द्यावा. बदलायचा तो १०. पण मी पहिली खरेदी त्याची केली नाही, पहिला घेतला ३२ मिमीचा प्लॉसल (चार काचांचा साधा आयपीस). याचं कारण आपलं आकाश. तालुक्याच्या गावापासून आठ-दहा किलोमीटर आत वावरात गेलं आणि त्यात लाईन गेली, तर आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. असं आकाश असताना अरुंद क्षेत्राचा आयपीस लावून बसण्यात अर्थ नाही. ३२ मिमीने ३७ पटींच्या आसपास वर्धन, ४ मिमीचा झोत आणि सव्वा अंशाच्या थोडं वर क्षेत्र मिळतं. सव्वा इंची नळीच्या आयपीसमध्ये याहून फार मोठं क्षेत्र मिळतच नाही, कारण क्षेत्राची सीमा ठरवणारी आतली कडा नळीच्या व्यासापेक्षा मोठी होऊ शकत नाही. म्हणून त्याच नळीचा ४० मिमीचा घेऊ नये. वर्धन कमी होतं, क्षेत्र तेवढंच राहतं, आणि बोगद्यातून बघितल्यासारखं वाटतं.

३२ मध्ये काय मावतं ते बघा. विंचवाच्या नांगीजवळचा एम ७ हा तारकागुच्छ जवळपास १.३ अंश पसरलेला आहे, तो काठोकाठ बसतो. मृगातला तेजोमेघ भोवतालच्या ताऱ्यांसकट बसतो. कृत्तिका मात्र पूर्ण बसत नाहीत, त्यांना दोन अंशांच्या आसपास जागा लागते. १२०० मिमीच्या दुर्बिणीत आणि सव्वा इंची नळीत ते होणार नाही, त्यासाठी साधी १० × ५० ची (१० पट, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री बरी. नरतुरंग तारकासमूहातला ओमेगा हा तारकागुच्छही ३२ मध्येच शोधावा. २१ अंश अक्षांशावरून तो दक्षिणेला जेमतेम २१-२२ अंश वर चढतो. एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेकडे गावाचा दिवा आणि झाड नसलेला धुरा गाठायचा, आणि एकदा सापडला की ९ मिमीवर जायचं. मग मधला धुरकट गोळा सुट्या ताऱ्यांमध्ये फुटायला लागतो.

दुसरा घेतला तो हा ९ मिमीचा, ६६ अंश क्षेत्राचा. इथे प्लॉसल का नको, ते नीट समजून घ्यायला हवं. प्लॉसलमध्ये डोळा काचेपासून जितका दूर ठेवता येतो ते अंतर नाभीय अंतराच्या साधारण ०.७ पट असतं. ३२ मिमीत ते बावीस मिमीच्या आसपास, चष्म्यासकट आरामात बघता येतं. १० मिमीत ७, आणि ६ मिमीत जेमतेम ४. एवढ्या जवळ पापणी काचेला लागते आणि प्रत्येक वेळी तेलाचा ठसा उमटतो. बाईमाणसांच्या डोळ्यातलं काजळही लागतं, ते पुसणं आणखी कटकटीचं. ६६ अंशवाल्या आयपीसला आत जास्त काचा असल्याने लहान नाभीय अंतरातही डोळा दूर राहतो. चष्मा फक्त लांबचं किंवा जवळचं दिसण्याचा असेल तर तो काढून फोकस फिरवला की भागतं. सिलिंडर नंबर असेल तर मोठ्या झोताच्या आयपीसला चष्मा ठेवावा लागतो. झोत एक मिमीच्या आसपास आला की तो दोषही सहसा जाणवत नाही.

दुसरं कारण दुर्बीण हाताने ढकलायची असते हे. तारे खगोलीय विषुववृत्ताजवळ मिनिटाला १५ कला, म्हणजे पाव अंश, सरकतात. २०० पटींवर ५० अंशांच्या आयपीसमध्ये क्षेत्र बरोबर १५ कलांचं. म्हणजे ग्रह एका काठावर आणला की मिनिटभरात दुसऱ्या काठाने बाहेर. मागे रांगेत गावातली दहा पोरं उभी असतील तर दर पोरामागे दुर्बीण हलवावी लागते. ६६ अंशांत तोच वेळ ८० सेकंदांच्या आसपास होतो, तेवढ्यात एकजण बघून बाजूला होतो. ९ मिमीने १३३ पट आणि अर्ध्या अंशाचं क्षेत्र मिळतं, पूर्ण चंद्र काठाला काठ लावून बसतो.

याच ६६ अंशांच्या स्वस्त मालिकेत १५ आणि २० मिमीचेही येतात. ते घेऊ नयेत, काठाकडचे तारे पसरट दिसतात. ६ आणि ९ चांगले. एफ/५ च्या दुर्बिणीत मात्र याही दोघांच्या कडा एफ/८ इतक्या स्वच्छ राहत नाहीत, हे ध्यानात ठेवूनच पैसे टाकावेत.

६ मिमीचा तिसरा. २०० पट, पाऊण मिमीचा झोत. याचा उपयोग दुर्बिणीपेक्षा हवेवर ठरतो. मे महिन्यात स्लॅब आणि टिनाचं छप्पर मध्यरात्र उलटेपर्यंत ताप सोडत असतं. छतावर दुर्बीण लावली तर गुरू उकळत्या पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखा थरथरतो, आणि १२० च्या वर सगळं वाया जातं. घरापासून लांब, मातीच्या जागेवर लावली की बराच फरक पडतो. डोक्यावरचा ताराही जोरात लुकलुकत असेल तर ६ मिमी डब्यातच राहू द्यावा. पावसाळ्यातल्या उघडिपीत आकाश धूसर असतं, पण हवा कधी कधी इतकी थांबलेली असते की याच आयपीसने गुरूचे पट्टे स्वच्छ दिसतात. आरशाला बाहेरच्या हवेशी जुळायला अर्धा-पाऊण तास द्यायचा, आणि आरसे सरळ आहेत ना ते आयपीसला नावं ठेवण्याआधी तपासायचं. शनीच्या बाबतीत एक जास्तीची गोष्ट: मार्च २०२५ मध्ये त्याची कडी आपल्या दिशेने कडेवर आली होती. त्यानंतरची एक-दोन वर्षं कड्यांमधली काळी फट दिसली नाही, तर दोष आयपीसचा नाही.

४ मिमी घेऊ नये. सहा इंचाला ३०० पट कागदावर बसतं, पण अर्ध्या मिमीच्या झोतात डोळ्यातले तरंगते ठिपकेच जास्त दिसतात. अगदी स्वस्त दुर्बिणीसोबत एसआर ४ किंवा एच २० लिहिलेले आयपीस येतात, ते बहुधा जवळपास एक इंच नळीचे असतात आणि सव्वा इंची फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या नळीत) नीट बसतही नाहीत. त्यांच्यासोबत आयपीसला फिरवून बसवायचा काळा "सन" फिल्टर आला तर तो फोडून टाकावा. सूर्याची उष्णता नेमकी तिथेच गोळा होते, काच तडकते आणि पुढे डोळा असतो. सूर्य बघायचाच असेल तर सूर्यासाठीच बनवलेला फिल्टर दुर्बिणीच्या तोंडावर लागतो.

बार्लो (आयपीसच्या आधी लावायचं, वर्धन वाढवणारं भिंग) मी शेवटी ठेवला. दुप्पट बार्लोने ३२ चा १६ होतो, २५ चा साडेबारा आणि ९ चा साडेचार. एकही आकडा दोनदा येत नाही. २० आणि १० घेऊन बार्लो लावणाऱ्याला १० दोनदा मिळतो, म्हणून खरेदीआधी कागदावर मांडून बघावं. ९ आणि ६ हाती असतील तर बार्लो नसला तरी चालतं.

आयपीस हाती आला की पहिली तपासणी दिवसा होते. सूर्य घराच्या आड असताना लांबच्या विजेच्या खांबावर लावायचा. विजेच्या तारा मध्यातून काठाकडे न्यायच्या आणि किती वाकतात ते बघायचं. डोळा किंचित हलवल्यावर काळी सावली सरकत असेल, तर लहान पोरांना त्या आयपीसने बघणं अवघड जातं. नळीवर खाच असेल तर फोकसरचा स्क्रू तिच्यात अडकतो आणि अंधारात आयपीस निघत नाही. स्क्रू फार सैल केला तर आयपीस मातीत पडतो. दुसऱ्या हाताने खालून आधार देऊन काढायची सवय लावली की दोन्ही टळतं. आयपीस बदलला की फोकस पुन्हा करावा लागतो, त्यात बिघाड काही नाही.

हिवाळ्यात हरभऱ्याला किंवा गव्हाला पाणी दिलेलं असेल तर मध्यरात्रीनंतर दव पडतं. वापरात नसलेले आयपीस स्वेटरच्या खिशात ठेवायचे, म्हणजे काच थंड होत नाही. धुकटलेली काच दुपट्ट्याने पुसू नये. तुरीच्या मळणीची धूळ काचेवर बसलेली असते आणि पुसताना लेप खरवडतो. आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि ठसा उरलाच तर लेन्स टिश्यूवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन मध्यापासून बाहेर हलकेच फिरवायचं. थेंब काचेवर टाकायचा नाही, तो कडेने आत उतरतो.

पावसाळ्यात बुरशी धरते, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. फोम भरलेल्या पेटीत ओल जास्त टिकते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून आयपीस ठेवावेत. नारिंगी दाणे घ्यावेत, ओल शोषली की ते हिरवे होतात. मग वेगळ्या भांड्यात मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी. हे भांडं स्वयंपाकाला वापरायचं नाही.