पात्रांव दारात बसला की

सोमवार, चवथीनंतर

पाहुणे गेले. मुंबईची मंडळी, म्हापशाची नणंद, तिची मुलं, सगळे. माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळांची आरास, उतरवली, नारळ-आंबाडे वाटून टाकले. आणि सकाळी आमचा बोका बांगडो न्हाणीत, पाणी जायच्या भोकापाशी उकिडवा बसलेला दिसला. अंगावर बांगड्यासारखे पट्टे म्हणून हे नाव. उठला, वाळूच्या टबात गेला, उकरलं, बसला, दोन थेंब. मग ओट्याच्या सिंकमध्ये. तिथे गुलाबी डाग.

थेंब तरी येताहेत, म्हणजे वाट अजून मोकळी आहे. बोक्याची मूत्रनळी फार अरुंद. ती तुंबली तर मूत्रपिंडं थकतात, रक्तात पोटॅशियम साठतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि एक-दोन दिवसांत सगळं आटोपू शकतं. आमच्या घरी नियम ठरलेला: थेंब येताहेत तर त्याच दिवशी दवाखाना, थेंब थांबले तर त्याच मिनिटाला, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

मंगळवार

लघवीत रक्त आहे, जंतू नाहीत. सोनोग्राफीत खडा नाही. "ताई, तेच परत," डॉक्टर म्हणाले. तेच म्हणजे कारण न सापडणारा मूत्राशयाचा दाह. डॉक्टर नुसतं एफआयसी म्हणतात. तरुण मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच असतो, म्हणून अँटिबायोटिक नाही. दुखणं कमी करायचं औषध आणि पोटात जास्तीत जास्त पाणी. माणसांची वेदनाशामक गोळी मांजराला कधीच द्यायची नाही, हे ते दर वेळी बजावतात. बरोबरच आहे, साधं पॅरासिटामॉलही मांजराचा जीव घेतं.

बहुतेक वेळा हा झटका आठवडाभरात आपला आपण ओसरतो. त्यामुळे त्या आठवड्यात जो काही उपाय केला त्याचं नाव होतं. गेल्या खेपेला शेजारच्या वयनीने जिऱ्याचं पाणी द्यायला सांगितलं होतं. मी दिलं नाही, तरी बांगडो उठून हिंडायला लागल्यावर श्रेय जिऱ्यालाच गेलं.

डॉक्टर ताण म्हणाले, हे मांयना, म्हणजे सासूबाईंना सांगितलं. त्या सोप्यावर वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माजराक कसलें गो टेन्शन? ताका कितें बिलां फारीक करपाचीं आसात?"

गुरुवार

मांयच्या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात सापडतं. टोनी बफिंग्टन नावाच्या पशुवैद्यांनी या दुखण्यावर अनेक वर्षं काम केलं. 2006 साली त्यांच्या गटाने या आजाराच्या 46 पाळीव मांजरांचा 10 महिने पाठपुरावा केला. मुख्य उपचार म्हणजे मालकांना घर बदलायला लावणं: टब कुठे, पाणी कुठे, लपायला जागा किती, उंचावर बसायला काय, रोज कोणी खेळतं का. लक्षणं बरीच कमी झाली. त्यांनीच पुढे याला पँडोरा सिंड्रोम म्हणायचं सुचवलं, कारण बिघाड एकट्या मूत्राशयात नसतो, पोट, कातडी, वागणं सगळीकडे डोकावतो. त्यांच्याकडे प्रयोगशाळेतल्या मांजरांचं रोजचं वेळापत्रक, देखभाल करणारी माणसं बदलली की धडधाकट मांजरंही ओकायची, जेवण सोडायची, टबाबाहेर घाण करायची.

आता आमची चवथ बघा. घरात वीस माणसं, रोज आरतीला घुमट आणि शामेळ यांचा दणदणाट, माझी झोपायची जागा बदललेली, आणि घर शिवराक, म्हणजे दुपारचा माशांचा वाससुद्धा गायब. बिलं भरायची नसतील, पण ओळखीचं काहीच शिल्लक नव्हतं.

ताणाचा आजार म्हटलं की लोक 'मनाचे खेळ' असं ऐकतात. मला आतड्याचा जुना त्रास आहे, आयबीएस. "टेन्शन घेऊ नका" हा सल्ला मला इतक्या जणांनी दिलाय की आता ऐकूनच पोटात मुरडा येतो. बांगडोच्या मूत्राशयातून खरं रक्त येतं. ताण कारण असेल, दुखणं काल्पनिक नाही.

रविवार

दिवसभर नुसती बघत बसले. पाच मांजरं: बांगडो, शाबू, काळी, चिमी आणि सगळ्यात शेवटी आलेला पात्रांव, जो पावसाळ्यात कौलांवरून उतरला आणि मालक झाला. घरात मारामारी नाही. कोणी फिस्कारत नाही. पाहुणे म्हणतात, किती गुण्यागोविंदाने राहतात! हे साफ खोटं आहे.

पात्रांव काही करत नाही. स्वयंपाकघरातून मागच्या पडवीत जायच्या दारात आडवा पडतो, बस. टब सगळे पडवीत, एका रांगेत, कारण धुवायला सोपं. बांगडो येतो, दोन हात अंतरावर थांबतो, पात्रांव डोळे उघडून एकदा बघतो, बांगडो जमीन चाटल्यासारखं करतो आणि परत फिरतो. शू पोटातच. चिमीने हाच प्रश्न कपड्यांच्या टोपलीत सोडवलाय, तिला आम्ही उगाच घाणेरडी म्हणत होतो.

मांजरं जितकी त्याहून एक टब जास्त, हा हिशेब पुस्तकात असतो. सहा टब आमच्याकडे आहेतच. पण एका रांगेतले सहा टब मांजराच्या लेखी एकच जागा, आणि त्या जागेला दार एकच.

बुधवार

टब हलवणं म्हणजे मांयशी वाटाघाटी. देवघराच्या भिंतीला लागून नको. तुळशीकडे जायच्या वाटेवर नको. तांदळाच्या कोठीजवळ तर नकोच. मग राहिलं काय? माडीच्या जिन्याखालचा कोपरा, माझी खोली आणि नारळांची खोली. नारळांच्या खोलीवर दोन दिवस गेले. शेवटी मांयनी स्वतःच आतला नारळांचा ढीग सरकवला आणि म्हणाल्या, तिथे उंदीर तरी येणार नाहीत.

बाकीचं पटकन झालं. जेवणाच्या ताटल्या एकमेकांना न दिसतील अशा ठेवल्या. कोरडं खाणं कमी करून ओलं, तेही पाण्याने पातळ करून. बांगडोसाठी कपाटावर गोणपाट, जिथून पात्रांव येताना दिसतो आणि उतरायला दोन वाटा आहेत. पात्रांवला हाकलायचं नाही. त्याचंही पोट जपायचंय, आणि रात्री दोरीमागे पळून दमला की तो दारात पडायचं विसरतो.

शनिवार, दिवाळी तोंडावर

बांगडो बरा आहे. टबात शूने होणारे वाळूचे गोळे मोठे पडताहेत. सकाळी मी ते मोजते, याचं घरात कोणाला आता हसू येत नाही.

पण वाड्यावरच्या मुलांनी नरकासुराचा सांगाडा उभा केलाय. चतुर्दशीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत गाणी लागणार, खिडक्यांची तावदानं थरथरणार, मग जाळणार. नारळांच्या खोलीला रस्त्याकडे खिडकी नाही, म्हणून बांगडोचं जेवण आजपासून तिथेच, म्हणजे त्या रात्री खोली परकी वाटायला नको. डॉक्टरांनी गाबापेंटिन या शांत करणाऱ्या औषधाची मात्रा लिहून दिलीय, आवाज सुरू व्हायच्या दोनेक तास आधी द्यायची. पात्रांव त्या रात्री माझ्या खोलीत.

संध्याकाळी मुलांकडे जाऊन आले. आजारी मांजर, असं सांगितलं तर हसतील म्हणून मांयचं ब्लडप्रेशर पुढे केलं. पुढारी म्हणाला, "वयनी, बॉक्सांचं तोंड शेताकडे करतो, पण वर्गणी यंदा वाढवा." पाचशे दिले. मांयना सांगितलं तर त्या भडकल्या: माझं ब्लडप्रेशर अगदी नॉर्मल आहे, गावभर काय सांगत सुटलीस?