चेंडू पंचांच्या हातात

गेल्या रविवारी शेजारचे आजोबा दारात येऊन म्हणाले, "चल, तुला एक माणूस दाखवतो." पाऊण तास गाडी चालवून त्यांनी मला डेट्रॉईटला नेलं आणि फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर ब्राँझच्या एका पुतळ्यासमोर उभं केलं. पळणारा बॅरी सँडर्स. डेट्रॉईट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा वीस नंबर. आजोबांनी टोपी काढली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

त्यांनी मला तिथे का नेलं ते मला ठाऊक होतं. मार्चमध्ये मी नोकरी सोडली. बावीस वर्षं मिशिगनमध्ये गाड्यांच्या ब्रेकवर काम केलं, शेवटची सहा वर्षं बारा जणांची टीम सांभाळली आणि बढती समोर असताना एकोणपन्नासाव्या वर्षी थांबले. कुणी काढलं नाही, कुणाशी भांडण नाही, तब्येत ठणठणीत. तरी साताऱ्याहून दादाचा फोन आला की गाडी फिरून तिथंच येते, "अगं, पण नेमकं झालं काय?" आणि मागून आईचा आवाज, "भरल्या ताटावरून कुणी उठतं का!"

हे आजोबांना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा बॅरीचं नाव काढलं. आजोबा मोटार कारखान्यातून निवृत्त झालेले, लायन्सचे जन्मापासूनचे भक्त.

मला हा खेळ म्हणजे नुसती ढकलाढकली वाटायची. रनिंग बॅकचं, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याचं, काम मला कळलं ते कबड्डीच्या आधारानं. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू, चेंडू त्याच्या पोटाशी देतो आणि पुढच्या क्षणाला समोरचे अकराजण त्याच्यावर तुटून पडतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड काढायचे. म्हणजे चढाईच, फक्त इथे पकडणारे शंभर-सव्वाशे किलोचे आणि धावत येऊन आदळणारे. बॅरीची उंची पाच फूट आठ इंच. त्याची सगळी भिस्त हुलकावणीवर. जानेवारी १९९२ मधल्या डॅलसविरुद्धच्या सामन्याचा व्हिडिओ आजोबांनी मला तीनदा दाखवला. बॅरी पाच-सहा जणांच्या घोळक्यात शिरतो, दिसेनासा होतो, आता संपलं असं वाटतं आणि तो गिरकी घेऊन बाहेर येतो तो थेट टचडाऊनपर्यंत, म्हणजे मैदानाच्या टोकाची रेषा ओलांडेपर्यंत, ४७ यार्ड. लायन्सनी तो सामना ३८-६ असा जिंकला. बॅरीच्या अख्ख्या कारकिर्दीतला प्लेऑफमधला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीतला, तो एकुलता एक विजय.

थँक्सगिव्हिंगला आजोबांनी माझ्या हातात खरा चेंडू दिला होता. जेवणानंतर अंगणात नेऊन माझा हात धरून शिकवलं. चेंडूचं पुढचं टोक बोटांच्या बेचक्यात, मागचं कोपराच्या खोबणीत, कातडं बरगडीला घट्ट दाबलेलं. "तान्हं बाळ असल्यासारखा," म्हणाले आणि वरून चेंडूवर जोरात थाप मारली. निसटला. पुन्हा दिला, पुन्हा थाप. चौथ्या वेळी टिकला. कातड्यावरची ती बारीक खरबरीत टिंबं तळहाताला बराच वेळ जाणवत राहिली.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते. टचडाऊन झाल्यावर इथले खेळाडू नाचतात, चेंडू जमिनीवर आपटतात. बॅरी चेंडू पंचांच्या हातात द्यायचा आणि चालू लागायचा. दर वेळी. माझं काम झालं, हा तुमचा चेंडू. मला हे इतकं भावलं की घरी भांडी घासतानाही तेच डोळ्यांसमोर येतं. १९८९ मध्ये, पहिल्याच मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, संघ पुढे होता आणि बॅरी बाकावर होता. लीगमध्ये सर्वाधिक यार्डांचा मान अवघ्या दहा यार्डांवर. कोच वेन फोंट्सनी विचारलं, जातोस का? तो नको म्हणाला. मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेला गेला, १,४८० विरुद्ध १,४७०. एकवीस वर्षांचा पोरगा! विचिटा या आपल्या गावी वडिलांबरोबर घरांची छपरं शाकारायला जाणाऱ्या, अकरा भावंडांतल्या मुलाला ही समज कुठून आली असेल?

या कामाची किंमत शरीर मोजतं. १९९७ च्या मोसमात बॅरीनं ३३५ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, २,०५३ यार्ड काढले. ज्या सामन्यात त्यानं दोन हजारांचा टप्पा ओलांडला, त्याच सामन्यात त्याचा सहकारी रेजी ब्राऊन मैदानावर निपचित पडला. मणक्याला मार लागला होता. जीव वाचला, खेळ संपला. त्याआधी १९९१ मध्ये माईक अटली हा दुसरा सहकारी छातीखाली कायमचा लुळा झालेला. बॅरीनं हे दोन्ही डोळ्यांसमोर पाहिलं. बहुतेक रनिंग बॅक तीन-चार वर्षांत बाद होतात. हा दहा वर्षं टिकला आणि दहाही वर्षं हजाराच्या वर धावला.

आणि जुलै १९९९ मध्ये, एकतिसाव्या वर्षी, थांबला. एकूण यार्ड १५,२६९. कारकिर्दीतल्या सर्वाधिक यार्डांचा तेव्हाचा विक्रम वॉल्टर पेटनचा, १६,७२६. आदल्या मोसमात बॅरीनं १,४९१ काढले होते. म्हणजे आणखी एक तसाच मोसम आणि विक्रम त्याचा.

इथे आपल्या सचिनची आठवण आल्याशिवाय कशी राहील? नव्याण्णववं शतक मार्च २०११ मध्ये नागपूरला आणि शंभरावं मार्च २०१२ मध्ये मीरपूरला. मधलं वर्षभर आपण सगळ्यांनी मिळून त्याच्या खांद्यावर तो आकडा ठेवला होता. मीही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून. सचिनला कुणी नाव ठेवलं तर मी आजही ऐकून घेणार नाही, चोवीस वर्षं खेळणं ही वेगळीच तपश्चर्या आहे. पण आपल्याकडे थांबणाऱ्याला आधी कारण द्यावं लागतं. गुडघा, घरचं आजारपण, साहेबाचा त्रास, काहीतरी. "मला पुरे झालं" हे कारण कुणी धरतच नाही. इथे धरतात, असं मी आजोबांना म्हटलं.

तर आजोबा चिडले. "कुठे धरतात? वर्षानुवर्षं राग होता आमचा!" क्लबनं साईनिंग बोनसचा, म्हणजे करारावर सही करताना कबूल केलेल्या जादा रकमेचा, मोठा हिस्सा परत मागितला आणि लवादानं तो द्यायला लावला. आजोबांनी त्या मोसमाची तिकिटं आधीच काढून ठेवली होती. पण त्यांचं दुःख तिकिटांचं नव्हतंच. बॅरीनं निवृत्ती कळवली ती गावाकडच्या 'विचिटा ईगल' या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवून. खेळात राहण्यापेक्षा त्यातून बाहेर पडण्याची इच्छा मोठी झाली, एवढंच त्याचं म्हणणं. डेट्रॉईटला ते बातम्यांतून कळलं. "गेला त्याचं काही नाही गं. तोंडानं सांगितलं नाही."

मी बॅरीची बाजू घेतली. अगदी हिरीरीनं. म्हटलं, समोरासमोर सांगायला गेलं की माणसं थांबवतात, गळ घालतात आणि भिडस्त माणूस थांबतो. मग आणखी एक मोसम, मग आणखी एक. त्याच्यासारख्या अबोल माणसाला दुसरा रस्ताच नव्हता. आजोबांनी ऐकून घेतलं. पुतळा २०२३ मध्ये बसला, तोवर बॅरीला थांबून चोवीस वर्षं झाली होती. परत गाडीत बसताना त्यांनी सहज विचारलं, "तुझ्या आईला तू फोन केला होतास ना?"

नव्हता केला. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकल्या होत्या. शुक्रवारी संध्याकाळी, तिकडे सगळे झोपेत असताना. आईचे डोळे अधू झाल्यापासून मेसेज तिला दादाच वाचून दाखवतो. म्हणजे तिला ते दादाच्या तोंडून कळलं.

रात्री नऊ वाजता फोन लावला. साताऱ्यात सोमवारची सकाळ, साडेसहा. आई परडी घेऊन फुलं काढायला निघाली होती. म्हटलं, "आई, मी नोकरी सोडली."

"माहितीये की गं मला," ती म्हणाली. आणि मग जरा वेळानं, "थांब, बसते मी. सांग आता."