१२:६१ चे स्फटिक: नागपूरच्या थंडीतली नोंद

संत्र्याच्या बागांना ठिबकमधून सोडतात ते १२:६१:०० खत म्हणजे मोनोअमोनियम फॉस्फेट. त्यातून घरी मोठा स्फटिक वाढवायचा तर कृषी केंद्रातलं पांढरं पाकीट घ्यावं, रंग घातलेलं नको.

२० अंशांना १०० मिलि पाण्यात साधारण ३७ ग्रॅम विरघळतं, ३० अंशांना ४६. ५०० मिलि डिस्टिल्ड वॉटरला २०० ग्रॅम घेतलं, कोमट करून विरघळवलं, कॉफी फिल्टरमधून दोनदा गाळलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियममुळे द्रावण गढुळतं.

पहिल्या बरणीतले स्फटिक गाजरासारखे टोकाकडे निमुळते होत गेले. घाई किंवा तापमान हे त्याचं कारण नव्हे. खतात लोह आणि ॲल्युमिनियमचे अंश असतात. त्यांचे त्रिसंयुजी आयन (तीन धन प्रभार असलेले कण) बाजूच्या उभ्या पृष्ठांवर चिकटून तिथली वाढ अडवतात, टोकांची वाढ मात्र चालूच राहते. खात्रीसाठी वेगळ्या छोट्या बरणीत चिमूटभर तुरटी टाकली, तिच्यात ॲल्युमिनियम असतं. तिथे सरळ सुया आल्या! उपाय एकच: सगळं एकदा पुन्हा स्फटिकवायचं आणि वर उरलेलं पाणी निर्दयपणे ओतून द्यायचं. अशुद्धी त्यातच राहते. द्रावण आम्लधर्मी आहे, म्हणून लोखंडी भांडं, चमचा काही लावू नये.

दुसऱ्या खेपेला ४ मिमीचं स्वच्छ बी (ज्यावर पुढचा स्फटिक वाढतो तो छोटा स्फटिक) बारीक नायलॉन दोरीला बांधलं. सुती दोऱ्याला अंगभर स्फटिक धरतात. बी सोडताना द्रावण संपृक्ततेच्या, म्हणजे आणखी काही विरघळणार नाही अशा, तापमानापेक्षा एखादा अंश गरम हवं, म्हणजे बियावरची धूळ आणि ओरखडे विरघळून जातात. त्याहून गरम असेल तर बीच गायब.

आपल्याकडे डिसेंबरात खरा त्रास दिवस-रात्रीच्या फरकाचा. रात्री वाढलेलं दुपारी विरघळतं, आणि पुन्हा वाढताना आत दुधाळ पट्टे उरतात. बरणी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून भोवती पाण्याने भरलेल्या एक लिटरच्या चार बाटल्या लावल्या, तेव्हापासूनचा थर काचेसारखा आहे. बियाभोवतीचा धुरकट ठिपका तेवढा कायमचा.

आज १८वा दिवस. लांबी २६ मिमी, जाडी ११. चारही बाजू सरळ, दोन्ही टोकांना चार पृष्ठांचा पिरॅमिड.

यात स्फटिकजल, म्हणजे स्फटिकाच्या रचनेत अडकलेलं पाणी, नाही, त्यामुळे मोरचुदासारखा हा उन्हाळ्यात पांढरा पडून भुरभुरणार नाही. जपायचं ते अचानक तापमान बदलण्यापासून: गार द्रावणातून काढून थेट उन्हात धरला की तडकतो. बाहेर काढला की टिपकागदात गुंडाळून तासभर त्याच खोक्यात ठेवायचा.