मराठी शब्दांतून पासवर्ड : सहा आठवड्यांची नोंद

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा ठरवलं होतं की पुस्तकातली गणितं सोडवत बसायचं नाही, घरात वापरता येईल असं काहीतरी करायचं. पाच फासे टाकून ७,७७६ शब्दांच्या यादीतून एकेक शब्द उचलायचा आणि त्यांचा लांब पासवर्ड करायचा, ही डाइसवेअर पद्धत अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये मांडली. मला तशी मराठी यादी हवी होती. ७,७७६ शब्द एकट्याने जमवणं जड, म्हणून चार फाशांवर आलो : ६ × ६ × ६ × ६ म्हणजे १,२९६. उखळ, परात, सांडशी, अडकित्ता, तिफण, वखर, कुळव... स्वयंपाकघर आणि शेत मिळून अर्धी यादी भरली.

पहिल्या आठवड्यात लिस्ट, फॉर लूप आणि फंक्शन एवढ्यावर काम भागलं. सहा वेळा फिरणारा लूप, प्रत्येक फेरीत यादीतला एक शब्द. पायथॉन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत ठेवता येतं, म्हणून मी ‘शब्दयादी’ असंच ठेवलं. प्रोग्रॅम पहिल्या झटक्यात चालला.

चालला, पण चुकीचा होता. मी ‘रँडम’ मॉड्यूल (पायथॉनमधला तयार कोडचा संच) वापरलं होतं. त्याच्यामागे मर्सेन ट्विस्टर नावाची पद्धत आहे. तिचे ३२ बिटांचे लागोपाठ ६२४ आकडे कुणाच्या हाती लागले तर पुढचे सगळे आकडे त्याला काढता येतात. स्वतः पाहायचं म्हणून सीडला, म्हणजे ही पद्धत जिथून सुरू होते त्या आकड्याला, एकच किंमत देऊन दोनदा चालवलं. दोन्ही वेळा तेच सहा शब्द, त्याच क्रमाने. खेळासाठी हे ठीक, पासवर्डसाठी नाही. त्यासाठी ‘सीक्रेट्स’ हे वेगळं मॉड्यूल आहे, पायथॉन ३.६ पासूनचं. ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून आकडे घेतं. बदल फक्त दोन ओळींचा. मला अस्वस्थ केलं ते याने की दोन्हींचं आउटपुट दिसायला हुबेहूब सारखं. कुठे तांबडी ओळ नाही, इशारा नाही.

तिसरा आठवडा सगळा ‘दऱ्या’ या शब्दाने खाल्ला. लॅपटॉपवर टाइप केलेल्या ‘दऱ्या’ची लांबी ५ आली, फोनवरून आणलेल्याची ६. डोळ्यांना फरक शून्य. आपला अर्धा ऱ युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) तीन तऱ्हांनी येऊ शकतो : स्वतंत्र ऱ, साधा र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या दोन तऱ्हा नॉर्मलायझेशनने (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याने) एक होतात, तिसरी होत नाही. पासवर्ड जिथे तपासला जातो तिथे मुळात त्याचा हॅश, म्हणजे त्याच्यावरून गणिताने काढलेला ठसा, तपासला जातो, आणि एक अदृश्य चिन्ह जास्त असलं तरी हॅश पूर्ण वेगळा. म्हणजे पासवर्ड बरोबर लिहूनही दार बंद! त्यातून पुष्कळ ठिकाणी पासवर्डमध्ये देवनागरी चालतच नाही. म्हणून मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहायचे ठरवलं.

तिथे पुढचा खड्डा. तळ, ताल, टाळ, ताळ : साध्या रोमनमध्ये चारही एकच. यादी ‘सेट’मध्ये टाकली (सेटमध्ये एक गोष्ट दोनदा राहत नाही) आणि १,२९६ चे १,२४१ उरले. पासवर्ड ओळखणं किती अवघड ते बिटांत मोजतात, एक बिट वाढलं की शक्यता दुप्पट. माझ्या हिशेबातली प्रत्येक शब्दामागची १०.३ बिटं तेवढी खरी नव्हती. ५५ नवे शब्द शोधायला चार संध्याकाळी गेल्या. शिवाय शब्दांमध्ये आडवी रेघ आणली, नाहीतर ‘वन’ आणि ‘वास’ मिळून यादीतलाच ‘वनवास’ तयार होतो.

आता ज्याबद्दल खरं लिहायचं होतं ते. जुने पासवर्ड फुटलेत का, म्हणजे कुठल्या गळतीत बाहेर पडलेत का, हे तपासणारा भाग. पासवर्ड कुठल्याही तपासणीच्या पानावर टाइप करायचा नाही, हे मला पक्कं होतं. ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या गळती तपासणाऱ्या संकेतस्थळाची यावरची रीत मला फार आवडली. आपण पासवर्डचा एसएचए-१ या पद्धतीचा हॅश आपल्याच संगणकावर काढायचा. त्याची ४० अक्षरं होतात, त्यांतली फक्त पहिली ५ पाठवायची. तिकडून त्या पाचांनी सुरू होणाऱ्या सगळ्या फुटलेल्या हॅशांच्या शेपट्या (उरलेली ३५ अक्षरं) येतात, आणि आपली शेपटी त्यांत आहे का ते आपण घरी बसून पाहायचं. पाच अक्षरांचे १०,४८,५७६ गट होतात. आपला गट त्यांना कळतो, पासवर्ड नाही.

मी लूप लिहिला, प्रत्येक ओळ विसर्गासारख्या दोन टिंबांवर तोडली आणि माझे १४ जुने पासवर्ड तपासले. सगळे सुरक्षित! त्या रात्री निवांत झोपलो.

सकाळी सहज ‘१२३४५६’ टाकून पाहिलं. तेही सुरक्षित. हा पासवर्ड गळतीच्या याद्यांमध्ये कोट्यवधी वेळा आहे. पोटात गोळा आला. कारण एवढंच : पायथॉन हॅश लहान लिपीत देतो, तिकडून येतो मोठ्या लिपीत. जुळणारच नव्हते. अक्षरं मोठ्या लिपीत करणाऱ्या एका ‘अपर’ने काम झालं आणि १४ पैकी ३ सापडले. त्यांतला एक ईमेलचा. ईमेल ज्याच्या हाती त्याच्या हाती बाकी सगळी खाती, म्हणून तो तिथल्या तिथे बदलला आणि दुहेरी पडताळणीही लावली. आता माझ्या फाइलची पहिली ओळ ‘१२३४५६’ तपासते. ते फुटलेलं निघालं नाही तर प्रोग्रॅम पुढे जातच नाही.

पासवर्ड विचारायला आधी ‘इनपुट’ होतं. पडद्यावर सगळं उघडं दिसायचं. आता ‘गेटपास’ आहे, त्यात टाइप केलेलं दिसत नाही.

गेल्या रविवारी मावशीला फासे दिले. सहा शब्द निघाले, त्यांत कुळव. ती म्हणाली, “अरे, हा एवढा बदलून दे की.” मी म्हटलं, “मावशी, तुला आवडलेला शब्द घातला तर तो फाशाचा राहत नाही. हवं तर सगळे सहा टाकून पुन्हा काढू.” दोन संचांतून एक निवडला तर फार तर १ बिट जातं, ६२ बिटांतून ते परवडतं. तिने पुन्हा फासे टाकले, आलेलं कागदावर लिहिलं आणि कागद कपाटात ठेवला. पहिल्या संचाचा कागद मी फाडून टाकला.

बाकी आहे ते : कोमट, कोयता, कोयंडा असे एकाच तोंडवळ्याचे शब्द वेगळे करणं. मावशी दोनदा त्यांतच अडखळली.